चावलेलं टोपण

नानांनी पेन दिलं ते एका अटीवर. अट सांगायलाही त्यांना बराच वेळ लागला, कारण आजारपणापासून त्यांच्या तोंडातून शब्द एकेक करून, रांगेत उभं राहिल्यासारखे बाहेर यायचे.

"टोपण," ते म्हणाले. मग थांबले. मग म्हणाले, "सांभाळ."

निबेबद्दल काही नाही, आत सडून गेलेल्या रबरी नळीबद्दल काही नाही. नुसतं टोपण.

"सांभाळते हो नाना," घाई म्हणाली, आणि चपला पायात सरकवता सरकवताच पेन पर्समध्ये टाकलं.

घाई म्हणजे त्यांची धाकटी मुलगी. खरं नाव कागदोपत्री होतं, पण ते फक्त बँकेला माहीत. दिवस भरायच्या आधीच ती जन्माला आली, तेव्हा नानांनीच हे नाव पाडलं आणि तिनं ते जन्मभर इमानेइतबारे चालवलं. गरम चहानं जीभ भाजायची, बटणं एक घर सोडून लावायची, निरोप अर्धा ऐकून निघायची. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिथंही गिऱ्हाईक डोळ्यांवर हात ठेवायच्या आत चष्मा तयार. "अति घाई संकटात नेई" ही रस्त्याकडेची पाटी दिसली की तिचा थोरला भाऊ, दादा, मुद्दाम गाडी हळू करून ती मोठ्यानं वाचायचा.

पण त्या टोपणाचं प्रकरण काय होतं, ते आधी सांगायला हवं.

नानांनी सगळं आयुष्य प्रुफं तपासण्यात घातलं. छापखान्यातून कागद यायचे आणि नाना लाल शाईचं पेन उघडून बसायचे. चुकलेल्या अक्षरावर एक तिरकी रेघ मारायची आणि बरोबर अक्षर बाजूला समासात लिहायचं. बस्स. लिहिणाऱ्याचा उद्धार नाही, छापणाऱ्याला बोल नाही. उजव्या हातात उघडं पेन आणि टोपण दातांत. शंका आली की टोपणावरचे दात आवळायचे, शंका फिटली की सैल व्हायचे. असं वर्षानुवर्षं चालल्यावर त्या काळ्या टोपणाची दशा काय होणार? टोकाला सगळीकडे दातांचे ठसे, आणि एका अंगाला तर नख मावेल एवढी खोल खाच. आई म्हणायची, "माणसं पेन्सिली चावतात पोरवयात. ह्यांचं पोरवय काही संपलं नाही."

घरातही नानांचं पेन कुणाला सोडत नसे. घाई शाळेत असताना एकदा टेबलावर चिठ्ठी ठेवून गेली होती, "मि खेळायला गेले." परत आली तर मि वर लाल रेघ आणि बाजूला "मी". तिचं तोंड एवढंसं झालं, तेव्हा नाना म्हणाले होते, "स्वतःला आखूड लिहायचं नाही. मी नेहमी दीर्घ."

गेल्या वर्षी नानांना अर्धांगाचा झटका आला आणि लिहिता हात लुळा पडला. दात तर त्याच्या आधीच गेले होते. कवळी होती, पण ती टोचते म्हणून पेल्यातच पडून असायची. हळूहळू पाय सुधारला, जीभ सुधारली. हाताचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी शेवटी सांगितलं, "हातात आता ताकद आहे. अडलंय ते मनात. त्यांना जे करायला आवडायचं ना, ते त्यांच्या हातात द्या."

दादानं धावाधाव करून कुठूनतरी अगदी त्याच कंपनीचं, त्याच काळातलं, नवंकोरं पेन शोधून आणलं. नानांनी ते हातात घेतलं. अंगठा टोपणावरून फिरवला. एकदा, दोनदा. मग पेन टेबलावर ठेवून भिंतीकडे तोंड केलं. "माझं नाही," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते पेन ड्रॉवरमध्ये पडलं ते पडलंच.

त्यामुळे शहरात जुन्या पेनांचं प्रदर्शन भरतंय आणि तिथं पेनं दुरुस्त करणारा एक निबवाला बसतो, असं कळल्यावर घाई उठली आणि निघाली. नानांचंच पेन चालू झालं तर नाना लिहितील. आणि लिहिलं नाही तर? त्या "तर"पाशी ती थांबलीच नाही. विचारातसुद्धा तिला थांबायची सवय नव्हती.

प्रदर्शनाच्या दारातच एका पोरगेल्या स्वयंसेवकानं तिच्या हातात पत्रक कोंबलं. "दुर्मिळ पेनांचं भव्य प्रदर्शन," तिनं वरची ओळ वाचली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकलं. आत शिरली आणि जागच्या जागी उभी राहिली. तिला वाटलं होतं, चारदोन म्हातारे असतील आणि खूपशा रिकाम्या खुर्च्या. इथं तर मुंगीला वाट काढायची सोय नव्हती. लांबच लांब टेबलं, त्यांवर मखमलीच्या पेट्या, पेट्यांत पेनं, आणि पेट्यांवर वाकलेली माणसं. एवढं मोठं सभागृह, पण चेहरा म्हणून दिसेल तर शपथ. सगळीकडे नुसत्या टाळू. प्रत्येक टेबलावर चाचणीसाठी कागदांचे गठ्ठे होते आणि जो तो पेन हातात आलं की पहिल्यांदा स्वतःची सही ठोकत होता. माणसाला शाई आणि कागद फुकट मिळाला की आधी स्वतःच आठवतो.

निबवाल्यासमोर रांग होती. त्याच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, "टोपण हातात ठेवा." पेनवेड्यांचा हा पहिला नियम. पेन दुसऱ्याला खुशाल द्या, पण टोपण आपल्या डाव्या मुठीत. कारण एका कंपनीच्या टोपणांचे आटे सारखेच असतात, कुठलंही कुठंही बसतं, आणि एकदा खाली ठेवलं की आपलं कुठलं नि परक्याचं कुठलं, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

घाईनं पाटी वाचली. वाचली म्हणजे काय, डोळ्यांखालून घातली.

निबवाला मात्र कामाचा माणूस होता. त्यानं सडलेली नळी चिमट्यानं ओढून काढली, नवी बसवली. पेन आणि टोपण दोन्ही पाण्यात खळबळून घेतली, तेव्हा टोपणातून वाळलेल्या शाईचं लाल पाणी निघायला लागलं ते थांबेचना.

"लाल शाई वापरायचे का हो?"

"प्रुफं तपासायचे."

"मग हे टोपण काही आजच्या आज स्वच्छ होत नाही. जन्माची लाली आहे." त्यानं ओलं टोपण तिच्या हातात दिलं. "निब मात्र मी घासणार नाही. त्यांच्या हाताच्या कलानं झिजलीय ती, तशीच राहू दे. लिहून बघा."

घाईनं नानांची शाईची बाटली सोबत आणली होती. पेन भरलं, कागदावर टेकवलं आणि रेघ उमटली. लालभडक, सलग, कुठं न अडखळता. तिला इतका आनंद झाला की ती निबवाल्याला मिठी मारायचीच बाकी होती. नेमका तेव्हा फोन वाजला. आई.

"काय झालं गं? झालं का?"

एका हातात पेन, एका हातात टोपण, फोन घ्यायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. घाईनं टोपण टेबलावर ठेवलं.

"झालं, झालं! लिहितंय! येतेच!" असं ओरडत तिनं फोन खांद्यात धरला, निबवाल्याचे पैसे दिले, टेबलावरचं टोपण उचललं, पेनवर फिरवलं, आणि मागच्या माणसाच्या पायावर पाय देऊन बाहेर पडली.

चहाच्या काउंटरपाशी पोचल्यावर तिला जरा श्वास घ्यायला फुरसत झाली. तिनं कौतुकानं पेन बाहेर काढलं आणि नाना फिरवायचे तसा टोपणावरून अंगठा फिरवला.

टोपण गुळगुळीत होतं.

तिनं ते उलटं केलं, सुलटं केलं, दिव्याखाली धरलं. खाच नाही, ठसे नाहीत, ओरखडासुद्धा नाही. काळं, चकचकीत, काल कारखान्यातून आल्यासारखं टोपण. दादानं आणलेलं पेन नानांनी कसं बाजूला ठेवलं होतं आणि भिंतीकडे कसं तोंड फिरवलं होतं, तेच तिच्या डोळ्यांपुढे आलं. एक गोष्ट सांगितली होती त्या माणसानं. एकच. तीसुद्धा दोन शब्दांत, आणि त्या दोन शब्दांसाठी त्याला किती कष्ट पडले होते.

काउंटरवर शेजारी उभ्या असलेल्या एका जाडजूड संग्राहकानं टोपणाकडे बघून शीळ घातली. "क्या बात है! या पेनाला असं टोपण मिळत नाही हो हल्ली. नशीब काढलंत."

"हे माझं नाही. माझं चावलेलं होतं."

"चावलेलं गेलं आणि कोरं आलं? आणि तुम्ही रडताय?" त्यानं तिच्याकडे असं बघितलं, की प्रदर्शनात हल्ली कुणालाही आत सोडतात असं त्याच्या मनात आलं असावं. "बाई, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! गपचूप घरी जा."

घाई गपचूप घरी जाणाऱ्यातली नव्हती. ती कोपरानं वाट काढत निबवाल्याकडे परत गेली. त्यानं तिचं ऐकून घेतलं आणि पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचलं होतं हो मी," ती कळवळून म्हणाली.

"सगळेच वाचतात. तुमच्या शेजारी एक गृहस्थ होते, अगदी हेच पेन होतं त्यांचं. भिंगातून निब बघायला दोन्ही हात लागले म्हणून त्यांनीही टोपण खाली ठेवलं. आता ते कुठं गेले, कसं सांगू?"

गृहस्थ घाईला आठवत होते, पण तिच्या पद्धतीनं. चेहरा नाही, आवाज नाही. चष्मा. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची फ्रेम, आणि डावी दांडी चिकटपट्टीनं जोडलेली. दांडी बघून तिच्या मनात आलंही होतं की ह्यांनी दुकानात यायला हवं. पण वाकलेल्या टाळूंच्या त्या समुद्रात चष्मा शोधायचा कसा? ती टेबलामागून टेबलं फिरली, वाकून वाकून खालून लोकांची तोंडं बघायला लागली. एका आजोबांना वाटलं, बाईंचं काही पडलंय, तेही खाली वाकले, आणि दोघांची डोकी आपटली.

शेवटी ती स्वागताच्या टेबलापाशी गेली. तिथल्या बाईंकडे ध्वनिक्षेपक होता आणि बोलायची हौसही होती.

"लक्ष द्या," बाई दणक्यात म्हणाल्या. "एका भगिनींचं पेनाचं टोपण हरवलेलं आहे. रंग काळा. ज्यांच्याकडे काळं टोपण असेल त्यांनी कृपया इथं यावं."

आता पेनांच्या प्रदर्शनात काळं टोपण असेल त्यांनी यावं म्हणजे काय! पाच मिनिटांत टेबलासमोर जत्रा जमली. कुणी आपलं टोपण तपासून घ्यायला आले, कुणी विकायला आले, एकजण टोपण नसलेलं पेन घेऊन आला आणि म्हणाला, भगिनींचं सापडलं की उरलेल्यांतलं एक मला द्या. घाई डोळे मिटून एकेका टोपणावरून अंगठा फिरवत होती. गुळगुळीत. गुळगुळीत. भेगाळलेलं. सोनेरी पट्टीचं. गुळगुळीत. प्रत्येक टोपणाबरोबर तिचा जीव आणखी थोडा खाली जात होता. तिला वाटायला लागलं, तो माणूस निघूनही गेला असेल. घरी जाऊन खिशातून पेन काढेल, ते कुरतडलेलं टोपण बघेल, आणि शी म्हणून कचऱ्यात टाकून देईल. कुणीही तेच करेल. नानांचे स्वतःचे दात या जगात आता फक्त त्या टोपणावर उरले होते, आणि तिनं ते टेबलावर ठेवले होते, कारण फोन वाजला होता.

तेवढ्यात एक स्वयंसेवक गर्दीतून धापा टाकत आला. "बाई, औषधाची पेटी द्या लवकर! पलीकडे एका काकांचं बोट कापलंय. रक्त थांबतच नाही."

"निबेनं कापलं?"

"कशानं ते त्यांनाच कळत नाहीये. जखम सापडत नाही, पण पुसलं की पुन्हा लाल!" त्यानं पुरावा म्हणून आणलेला रुमाल वर धरला.

घाईनं रुमाल बघितला. लहानपणापासून हा लाल रंग तिनं नानांच्या बाह्यांवर बघितला होता, उशीच्या अभ्र्यावर बघितला होता, एकदा तर आईच्या भाकरीच्या पिठातही बघितला होता, आणि त्यावरून घरात झालेलं महाभारतही ऐकलं होतं. हे रक्त असेल तर ती नानांची मुलगी नव्हे.

"कुठं आहेत काका?" असं विचारेपर्यंत ती निघालीही होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिची घाई योग्य दिशेला निघाली होती.

काका खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते, पांढरेफटक. एकजण वारा घालत होता, दुसरा पाण्याचा पेला धरून उभा होता. तपकिरी ठिपक्यांचा चष्मा कपाळावर सरकवलेला, डावी दांडी चिकटपट्टीची. दोन बोटांना दोन पट्ट्या बांधून झाल्या होत्या आणि तिसरं बोट ते स्वतःच उलटंसुलटं करून बघत होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली मात्र रुपयाएवढा लाल डाग पसरत चालला होता, आणि तो कुणालाच दिसला नव्हता. सगळे बोटाकडे बघत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"काका, ते रक्त नाही," घाई म्हणाली. "शाई आहे."

"बाई," काका क्षीण आवाजात म्हणाले, "मी दंतवैद्य आहे. उभा जन्म रक्त बघण्यात गेला. मला रक्त कळतं."

"दुसऱ्यांचं कळत असेल. तुमच्या खिशात बघा."

दंतवैद्यांनी खिशाकडे बघितलं. डाग बघून त्यांनी डोळे मिटले, आता सगळं संपलं असं म्हणण्याच्या बेतात. घाईनं सरळ त्यांच्या खिशात हात घातला, पेन बाहेर काढलं आणि त्यांच्या तोंडासमोर धरलं. टोपणाच्या कडेला लाल थेंब लोंबत होता. आणि टोकाला होते ते दात. सगळेच्या सगळे. अंगठा आपोआप फिरला आणि त्या खाचेत जाऊन बसला. घाईचा जीव भांड्यात पडला. ती त्यांच्याच पायांशी, जमिनीवर, गर्दीत, मटकन खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

दंतवैद्यांनी चष्मा खाली ओढला, टोपण बघितलं, आणि मघाशी रक्तासाठी केला नव्हता एवढा आकांत केला. "हे काय! कुणी चावलं माझं टोपण? अहो, कोरं होतं! किती वर्षं शोधत होतो मी हे पेन, आजच घेतलंय!"

घाईनं पर्समधून आपलं पेन काढलं आणि त्यावरचं त्यांचं चकचकीत टोपण पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, बोटांच्या पट्ट्यांसकट, दिव्याकडे धरून चारी बाजूंनी न्याहाळलं आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला. मग थोडा वेळ दोघंही आपापलं टोपण अंगठ्यानं चाचपत नुसते बसून राहिले. वारा घालणारा माणूस कंटाळून निघून गेला.

"चूक माझी," शेवटी दंतवैद्य म्हणाले. "पाटी वाचली होती मी."

"मीपण."

रंग चेहऱ्यावर परत आला तसा त्यांच्यातला दंतवैद्यही जागा झाला. "जरा बघू ते," म्हणून त्यांनी चावलेलं टोपण मागितलं. घाईनं ते दिलं, पण दुसरं टोक सोडलं नाही. त्यांनी भिंग लावलं. "वडील का? उजव्या बाजूनंच चावायचे. वरचा सुळा किंचित बाहेर आलेला होता. आणि हे बघा, इथं हलके ठसे आहेत, पण या एका जागी जोर लावलाय. पुन्हा पुन्हा त्याच जागी. काहीतरी शोधायचे का?"

"चुका," घाई म्हणाली. नानांचा सुळा बाहेर आलेला होता, ते ती विसरूनच गेली होती.

"आता दात आहेत त्यांना?"

"कवळी आहे. टोचते म्हणतात. घालत नाहीत."

"मग घेऊन या एकदा माझ्याकडे. पुढच्या चौकातच दवाखाना आहे, वरच्या मजल्यावर. नाही, चढवू नका, मीच खाली येईन." दंतवैद्य उठले आणि शर्टाकडे बघून हताशपणे म्हणाले, "घरी काय सांगू? हा डाग जातो का?"

"नाही जात," घाई म्हणाली. "आईनं सगळं करून बघितलंय."

घरी परतताना पेन पर्समध्ये नव्हतं. ते तिच्या मुठीत होतं, आणि मूठ घरापर्यंत उघडली नाही. रस्त्यात दोनदा फोन वाजला, तो तिनं वाजू दिला.

नाना खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. घाईनं त्यांच्या पुढ्यातलं छोटं टेबल जवळ ओढलं, पेन ठेवलं आणि त्याच्या खाली, लिहून बघायला कागद म्हणून, हाताला लागलं ते प्रदर्शनाचं पत्रक पसरलं. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली.

नानांनी डाव्या हातानं पेन उचललं. अंगठा टोपणावरून फिरला. खाचेपाशी आला आणि थांबला. बराच वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी मान वळवून पेल्याकडे बघितलं.

"कवळी," ते म्हणाले.

आईनं घाईकडे बघितलं. गेल्या कित्येक महिन्यांत नानांनी कवळी मागितलेली नव्हती. तिनं धावत जाऊन ती आणून दिली. नानांनी कवळी बसवली, पेन उघडलं आणि टोपण उजव्या बाजूला दातांत धरलं. आवळलं. थोडं पुढे सरकवलं, मागे सरकवलं, जागा शोधत राहिले. कपाळाला आठ्या पडल्या. टोपण बाहेर काढून त्यांनी हातात धरलं.

"चुकलंय," ते म्हणाले.

घाई एकदम पुढे वाकली. "नाना, नाही हो! तुमचंच आहे, शपथ! खाच बघा ना!"

नानांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांना बोलायला वेळ लागायचा आणि तिला थांबायचं माहीत नव्हतं, पण या वेळी ती थांबली.

"टोपण... बरोबर आहे," नाना म्हणाले. "कवळी चुकलीय."

आणि ते हसले. आधी तोंडाची एकच बाजू हसली, मग दुसरीही कशीबशी तिच्या मागून गेली. आई पदर तोंडाला लावून मागे वळली. घाई काही बोलायला गेली, पण तिच्याकडून नुसतं "हो, हो" एवढंच झालं. दंतवैद्यांचं सांगायचं होतं, शर्टाचं सांगायचं होतं, ते सगळं नंतर सांगता आलं असतं.

कारण नानांनी टोपण पुन्हा दातांत धरलं होतं आणि त्यांची नजर समोरच्या पत्रकावर गेली होती. दात आवळले गेले. उजवा हात मांडीवरून उचलला, टेबलावर आला, पेन बोटांत धरून बसला. थरथरत होता, पण बसला. निब वरच्या ओळीवर टेकली. "दुर्मिळ" या शब्दात, मधल्या अक्षरावर, एक वाकडीतिकडी लाल रेघ उमटली.

मग हात समासाकडे निघाला. तेवढ्या अंतराला त्याला फार वेळ लागला. मध्ये एकदा थांबला, विसावला, पुन्हा निघाला. समासात पोचल्यावर हातानं एक अक्षर काढलं, शाळेत पहिल्यांदा पाटी मिळालेलं पोर काढेल तसं. आधी म. मग त्याला काना देत देत, वरून वळण घेऊन, दीर्घ वेलांटी.

मी.

घाईनं ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"दुर्मीळ," टोपणाच्या आडून नाना म्हणाले. "मी दीर्घ." आणि टोपण दातांत तसंच धरून पुढची ओळ तपासायला लागले.